ताडपत्रीवरचे चतुर

आई, तू ताडपत्रीचं एक टोक धरून उभी आहेस आणि दुसरं टोक मला ओढायला सांगते आहेस. "वढ की रं. शिकून हातातलं बळ गेलं व्हय?" मी ओढतो. अंगणात भादव्यातलं ऊन आहे, पाऊस उघडल्यावर पडतं तसं, डोळ्यांवर येणारं. ताडपत्री दादाची, पलटणीतली, एका बाजूने रबर लावलेली, काळी. शेवटच्या रजेवर आला तेव्हा तो ती घरी ठेवून गेला. पावसाळाभर माळ्यावर पडून तिला कुबट वास आलेला असतो. तू ओल्या फडक्याने ती पुसतेस, रबराची बाजू वर करतेस, कोपऱ्यांवर दगड ठेवतेस. आपण बाजूला होतो. थोड्या वेळाने चतुर येतात.

तांबूस पिवळे, पंख काचेसारखे. भादव्यात ते आपल्या गावावर थव्याने असायचे, घरांच्या उंचीवर, दिवसभर न बसता फिरायचे. त्यातले काही ताडपत्रीवर उतरायचे. बहुतेक जोडीने, नराने मादीला डोक्यामागे शेपटीने धरलेलं असायचं. मादी शेपटीचं टोक त्या काळ्या रबरावर टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. दादाचा पत्ता लागत नाही असा सरकारी कागद आल्यापासून हे तू दर भादव्यात बघत होतीस. "त्येचं हाय म्हनून येत्यात," तू म्हणायचीस. "न्हाईतर माझ्या लुगड्यावर का येत न्हाईत?" शेजारच्या म्हातारीने पडताळा पाहण्यासाठी स्वतःचं घोंगडं मुद्दाम आपल्या अंगणात वाळत घातलं. त्यावर एकही चतुर फिरकला नाही. तेव्हा तिने ताडपत्रीला हात जोडले, आणि मग गावात कोणी हसलं नाही.

लढाई संपून वर्ष झालं होतं. शेजारच्या गावचे दोघे जण जपान्यांच्या कैदेतून सुटून आले, हाडांची काडं होऊन. तू त्यांच्याकडे चालत गेलीस. दादाला त्यांनी मलायात एका नदीच्या अलीकडे पाहिलं होतं, पलीकडे पाहिलं नव्हतं. एवढंच. तू परत आलीस आणि वहिनीला म्हणालीस, "अलीकडं हुता म्हनं." जणू ती खुशाली होती. वहिनी तेव्हा विशीची असेल. दादाबरोबर तिचा संसार त्या एका रजेपुरता. त्यानंतर ती आपल्याकडे पाणी भरत होती, भांगलत होती, तुझ्या शेजारी बसून भाकरी थापत होती. कपाळाला कुंकू होतं आणि ते कोणाच्या नावाचं हे कोणी बोलत नव्हतं.

म्हाळाच्या पंधरवड्यात वडिलांचं, आबांचं, पान आपण त्यांच्या तिथीला वाढायचो. दादाचं वाढायचं की नाही हा प्रश्न दरवर्षी यायचा. ज्याची तिथी माहीत नाही त्याचं पान अमावस्येला वाढतात. तू वाढू देत नव्हतीस. पान वाढलं की तो गेला. तो गेला की वहिनीचं कुंकू गेलं, मंगळसूत्र गेलं. आणि पान वाढलं नाही तर ती अशीच, चुलीपुढे, म्हातारी होईपर्यंत. आमच्यात पाट लागायचा, म्हणजे बाईचं दुसरं लग्न. मेलेल्याच्या बायकोचा. बेपत्ता माणसाच्या बायकोचा नाही.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो. आमच्या सरांना पाण्यातल्या किड्यांचं वेड होतं. ते आम्हाला कृष्णेच्या काठी डबक्यांत उभं करत आणि जाळीने चिखल उपसायला लावत. त्यांनीच मला चतुराची पिलं दाखवली. मातकट, सहा पायांची, पंख नसलेली, चिखलात दबा धरून बसणारी. आदल्या वर्षी सुटीत मी तशी काही आपल्या ओढ्यातून आणली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली. तुला आठवतं? तू पहिल्यांदा ओरडलीस, "शिवाशिव करतोस व्हय रं माज्या फळीवर?" मग दुपारी जवळ येऊन बसलीस. मी त्यांना डासांच्या अळ्या घातल्या. पिलाचा खालचा जबडा हात कोपरात दुमडावा तसा दुमडलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आलं की तो झटकन पुढे जातो, पकडतो, परत येतो. डोळ्याला दिसतही नाही. तू बघितलंस आणि म्हणालीस, "तलाठ्याच्या हातागत हाय. दिसत न्हाई, पन पोचतो." वहिनी भाकरीचं पीठ मळता मळता हसली. मी सांगितलं की हा किडा शेपटीकडून पाणी आत घेतो, त्यातूनच श्वास घेतो, आणि पळायचं झालं की तेच पाणी मागे जोरात सोडून पुढे सटकतो. तेव्हा तिने तोंडाला पदर लावला आणि परड्यात निघून गेली. तू म्हणालीस, "असलं शिकवाय सांगलीला न्हेत्यात व्हय?"

बरणीत मी तुरीची काडी उभी केली होती. पिलाचे दिवस भरले की ते पाण्यातून काडीवर चढतं, पाठीवर उकलतं आणि आतून चतुर बाहेर येतो. हे पाहायचं म्हणून मी रोज फळीकडे डोळे लावून बसायचो. एके दिवशी पहाटे तू धार काढायला उठलीस तेव्हा ते झालं. मी झोपलो होतो. उठलो तर चतुर नव्हता. काडीला त्याची रिकामी कात पाय रोवून तशीच धरून होती. मी तुझ्यावर चिडलो. उठवलं का नाहीस म्हणून. "बाळंतपन बगाय गडी मानूस कशाला?" तू म्हणालीस. मग, चुलीत फुंकर घालता घालता, तू मला सगळं सांगितलंस. आधी पाठ फुटली. मग डोकं आलं. मग ते पाठीमागे लोंबकळून मेल्यासारखं पडलं, बराच वेळ, आणि तुला वाटलं गेलं. मग एकदम उठून त्याने कात धरली आणि शेपूट बाहेर ओढली. पंख ओल्या चिंधीसारखे होते, ते हळूहळू ताणले. उजेड व्हायच्या सुमाराला ते दारातून गेलं. सरांनी फळ्यावर काढलं होतं ते नेमकं हेच होतं. त्यात तू एक शब्दही चुकली नव्हतीस. मी ते तुला म्हणालो नाही. मी चिडलेलाच होतो.

आता त्या दिवसाकडे येतो. अमावस्येचा आदला दिवस. वहिनीचे वडील फलटणच्या बाजूने आले होते, मोटार बदलत. पलटणीतून हवालदार होऊन परतलेले, ताठ बसणारे. ते ओसरीवर बसले, तू चौकटीशी, मी खांबाला टेकून, वहिनी आत दाराआड. ताडपत्री समोर उन्हात होती. त्यांनी आधी पाऊसपाणी विचारलं, मग पटका काढून मांडीवर ठेवला.

"ताई, ह्या साली पान वाढा," ते म्हणाले.

"कागुद कुठं आलाय मेल्याचा?"

"मिशिंगचा आलाय न्हवं? आवं, मी पलटनीत केस पांढरं केलं. मिशिंग म्हंजे काय, ह्ये मला कुनी शिकवाय नगं."

"अलीकडं दिसला हुता त्यो."

"त्येचं मला ठावं न्हाई. माजी पोर जिती हाय, येवढं मला ठावं हाय."

अंगणात एक जोडी ताडपत्रीवर उतरली. आपण सगळेच तिकडे बघत होतो, हवालदारसुद्धा. मग तू माझ्याकडे वळलीस.

"तू किड्यांचंच शिकतोस न्हवं? सांग पाव्हण्यांस्नी, ही का येत्यात ह्येच्यावर?"

हे तू मला आधी कधी विचारलं नव्हतंस. मला उत्तर माहीत होतं. सरांनी ते डांबराच्या नव्या सडकेवर दाखवलं होतं, पावसानंतर, तिथेही चतुर असेच शेपटी आपटत होते. मी म्हणालो, "चमकतंय म्हनून, आये. वरनं त्येंस्नी पानी वाटतंय."

"आन शेपूट का आपटत्यात?"

"अंडी घालत्यात. पान्यात घालायची ती ह्येच्यावर घालत्यात."

"मग त्या अंड्यांचं काय हुतंय?"

"वाळत्यात. दिस मावळायच्या आत संपत्यात."

"म्हंजे चुकत्यात ती."

"व्हय."

"दरसाली?"

"दरसाली तीच नसत्यात, आये. ही ह्या सालची. पंख आल्यावर ती थोडकंच जगत्यात."

"मग गेल्या सालची?"

"मेली असतील."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. "असतील म्हनतोस, का मेली म्हनतोस?"

सरांनी वर्गात सांगितलं होतं की हे थवे पावसाबरोबर कुठून येतात आणि थंडीत कुठे जातात ते नक्की कोणाला ठाऊक नाही. ते मला त्या क्षणी आठवत होतं. पण एक चतुर वर्षभर जगत नाही हेही माहीत होतं. मी म्हणालो, "मेली."

"आयकलं न्हवं, पाव्हणं?" तू म्हणालीस. "उंद्या पान वाढते."

तू उठलीस आणि आत गेलीस. हवालदारांनी पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. जिंकलेल्या माणसासारखे ते दिसत नव्हते.

अमावस्येला तू खीर केलीस, वडे केलेस, गवारीची भाजी केलीस. पान मीच परड्याच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. कावळा लगेच आला. तू आतून विचारलंस, "शिवला?" मी हो म्हणालो. संध्याकाळी वहिनीचं कपाळ मोकळं होतं आणि ती माझ्यासमोर आली नाही. दुसऱ्या दिवशी ती वडिलांबरोबर निघाली. तू तिला वेशीपर्यंत पोचवायला गेलीस. पुढच्या उन्हाळ्यात तिचा पाट माधवनगरच्या गिरणीतल्या एका विधुराशी लागला, आणि तू लुगडं घेऊन गेलीस.

मला वाटत होतं की ते मी केलं. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, आणि म्हणून ते वाढत गेलं. पुढच्या टर्मला मी प्राणिशास्त्र सोडलं आणि मराठी घेतलं. तू कारण विचारलंस तर म्हणालो, बेडूक कापवत नाही. "मग आदीच सांगायचं न्हाईस व्हय," तू म्हणालीस. शाळेत मास्तराची नोकरी लागली, सांगलीतच. दिवाळीला येत होतो, बेंदराला येत होतो. भादव्यात येत नव्हतो. तू एकदा विचारलंस. "सनाला येतोस, म्हाळाला का येत न्हाईस रं? आबाचं पान मी शेजारच्या पोराकडनं ठेवून घेती." मी परीक्षांचं काहीतरी सांगितलं. भादव्यात कसल्या परीक्षा? तू पुन्हा विचारलं नाहीस. ताडपत्रीचं तू काय केलंस तेही मला माहीत नाही. आपण दोघं बसायचो तेव्हा बोलायला उसाचं तोडणी-लावणीचं असायचं, माझ्या मुलांच्या खोकल्याचं असायचं. बरणीचं, ओढ्याचं, तलाठ्याच्या हाताचं कधी निघालं नाही. मला वाटायचं तू माझ्यावर मनातून रागावलेली आहेस आणि आई म्हणून ते दाखवत नाहीस. तू शांतपणे वागायचीस, आणि त्या शांतपणाचा मी तोच अर्थ लावत गेलो. तू गेलीस तेव्हाही भादवाच जवळ होता. मी पोचलो तोवर तुझी शुद्ध गेली होती.

गेल्या आठवड्यात माधवनगरला वहिनीकडे गेलो होतो. तिचे मालक जाऊन पुष्कळ वर्षं झाली, गिरणीचा भोंगाही कधीच बंद झाला. ती नातवाकडे असते. ऐकू नीट येतं, डोळे गेले आहेत म्हणण्याइतके अधू. आम्ही अंगणात बसलो होतो आणि वर चतुर होते. तिला दिसत नव्हते, मी सांगितलं. आणि मग, का कोण जाणे, मी तो विषय काढला. म्हटलं, वहिनी, त्या दिवशी मी तसं बोललो नसतो तर आईने पान वाढलं नसतं.

ती हसली. "भावजी, तुमी अजून त्येच घिऊन बसलाय व्हय?"

मग तिने सांगितलं. त्या दिवशी सकाळी, तिचे वडील यायच्या आधी, तुम्ही दोघी आडावर होता. तू पाणी शेंदत होतीस, ती घागरी भरत होती. तू तिला विचारलंस, तुला काय वाटतं. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. "मी म्हनायचं मी म्हनतीया कवाधरनं," तू म्हणालीस. "तुला इच्यारतीया." असं तिला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या बापाने नाही, मी नाही. ती म्हणाली, "आत्याबाई, मला त्येंचं तोंडच आठवंना झालंय. रोज आठवती. येत न्हाई."

तू दोर धरून उभी राहिलीस. पोहरा पाण्यात तसाच. मग वर ओढलास, ओतलास, आणि म्हणालीस, "ह्ये कुनाला सांगू नगंस. बापाला बी न्हाई. तुज्या बापाच्या शब्दावर पान वाढलं तर भावकी म्हनंल, सुनंला पाटाची घाई झालती. माजा शिकल्याला आलाय. त्येला इच्यारते समद्यांदेखत. त्यो खोटं बोलायचा न्हाई. मग माजंच याड गेलं असं हुईल. तुला कुनी बोल लावायचं न्हाई."

वहिनी हे सांगत होती आणि तिचा नातू आतून चहाचं विचारत होता. मी घ्यायचा म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी आल्यापासून ते संभाषण मी पुन्हा पुन्हा आठवतो आहे, आणि प्रत्येक वेळी ते वेगळं ऐकू येतं. मग त्या अंड्यांचं काय हुतंय? दरसाली? असतील म्हनतोस, का मेली म्हनतोस? तू मला एकेक पायरी उतरवत नेत होतीस, हवालदारांना ऐकू जाईल अशा आवाजात. चतुर ताडपत्रीवर का येतात हे तुला त्याआधीच कळलं होतं का? ओढ्यावर धुणं धूत आयुष्य काढलेल्या बाईने चतुर पाण्यावर शेपटी टेकवताना पाहिले नसतील असं कसं होईल? मग इतकी वर्षं तू जे म्हणत होतीस ते खरं मानत होतीस की वहिनीचं कपाळ राखत होतीस? हे विचारायला आता कोणी नाही. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय ठावं? त्या सांगायच्या त्येवढंच सांगायच्या."

आधी सांगितलं असतंस तर मी अंगणात नाटक केलं असतं आणि ते सगळ्यांना दिसलं असतं, हे मला समजतं. कोणी बोल लावणार नाही असा तिला शब्द दिला होतास, हेही समजतं. पण नंतर? वहिनीचं माधवनगरला सगळं बरं चाललं, पोरंबाळं झाली, भावकीतली बोल लावणारी माणसं मेली, त्यानंतर? तुझ्या बाजूने पाहिलं तर सांगण्यासारखं काही राहिलंच नसेल. मी खरं बोलेन अशी तुझी खात्री होती आणि मी खरं बोललो. त्याचा मला त्रास झाला असेल असं तुला का वाटावं? तो मी कधी दाखवला नाही. भादव्यात येणं टाळलं, तर तू परीक्षा समजलीस, किंवा समजल्यासारखं केलंस.

अलीकडे वाचलं की हे थवे समुद्र ओलांडून जातात. पार आफ्रिकेच्या किनाऱ्याला. तिथल्या पावसात अंडी घालतात आणि मरतात. पुढच्या पावसाला जी इकडे येतात ती त्यांच्या पोरांची पोरं. म्हणजे मी सांगितलं ते बरोबरच होतं, जातात ती परत येत नाहीत. पण सर वारले त्यालाही आता पन्नासच्या वर वर्षं झाली, आणि हे पेपरात वाचल्यावर मला पहिल्यांदा तुझीच आठवण झाली, सरांची नाही. तू म्हणाली असतीस, समिंदर? येवढ्याशा पंखावर? आणि मग विचारलं असतंस, वाटेत बसत कशावर असतील रं.

एक सांगायचं राहतं. वहिनीने आडावरचं सगळं सांगितलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. तुला मी दुखावलं असं समजून मी आयुष्य काढलं, आणि ते माझ्याकडून काढून घेतलं गेलं तेव्हा मला आधी रागच आला. आणखी एक, तेही लिहून टाकतो. दादाचं तोंड मलाही आठवत नाही. फोटो नव्हता. तो ताडपत्रीची घडी घालताना कसा वाकला होता ते आठवतं, पाठीमागून. मी ते कधी तुझ्याजवळ बोललो नाही, कारण मला वाटायचं की विसरायची परवानगी आपल्या घरात कोणालाच नाही. ती तू आडावर, पोहरा हातात धरून, सकाळीच देऊन टाकली होतीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून पाकीट घेतलेलं नाही.

हे लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून वहिनीकडे गेलो आणि दादाचं तोंड मलाही आठवत नाही हे तिला सांगितलं. तिने मला जवळ बसवलं, हाताने माझं कपाळ, नाक, हनुवटी चाचपून पाहिली. म्हणाली, "तुमच्याकडं बघून त्येंचं सापडंल, असं मला लय दिस वाटायचं, भावजी. पन तुमी पडला आत्याबाईंच्या वळनावर." मग तिने निवडायला घेतलेले तांदूळ माझ्याकडे सरकवले, खडे दिसत नाहीत म्हणाली, आणि मी ते निवडून दिले.